बेलभंडारा आणि झोपेची गोळी

मी दारू पीत नव्हतो. हे आधीच सांगतो, कारण माझ्या आजारपणात नगरमध्ये, आणि नगरपेक्षा जास्त आमच्या गावी, कोल्हारला, जे बोललं गेलं त्यात दारूचाच उल्लेख होता. मला सवय लागली होती ती झोपेच्या गोळीची. ती डॉक्टरांनी लिहून दिलेली होती, औषधाच्या दुकानात उघड मिळत होती आणि कचेरीतल्या माझ्या खणात पेन्सिलींच्या शेजारी असायची. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला फार उशिरा वाटू लागलं.

हा मजकूर औषधशास्त्रावर नाही. गोळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना उपयोग व्हावा एवढाच हेतू आहे. जो भाग मला आठवत नाही तो पत्नीकडून आणि छापखान्यातल्या सहकाऱ्यांकडून ऐकून लिहिला आहे, आणि त्या त्या ठिकाणी तसं म्हटलं आहे.

दिवसाची झोप

नगरच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. रात्रपाळी कायमची. तालुक्याच्या वार्ताहरांची पाकिटं एसटीनं यायची, ती फोडून बातम्या लावायच्या. देशाच्या बातम्या रेडिओवर सावकाश सांगत, त्या उतरून घ्यायच्या. जुळाऱ्यांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून पान बांधलं की तपासायचं. अंकांचे गठ्ठे घेऊन कोपरगावची गाडी सुटली की माझं काम संपायचं.

मी घरी येऊन आडवा व्हायचो तेव्हा बाकीचं नगर उठलेलं असायचं. आमच्या खोलीखाली तांबटाचं दुकान होतं. तो हंडे ठोकायला बसला की संध्याकाळपर्यंत थांबत नसे. झोप येईना म्हणून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पंधरवड्यापुरती गोळी लिहून दिली.

पंधरवडा संपला, चिठ्ठी राहिली. तिच्या घड्या फाटल्या, पण दुकानदारानं पुन्हा ती कधी मागितली नाही. तो मला ओळखत होता. त्या काळी दारूला परवाना लागत होता. गोळीला ओळख पुरत होती.

एकीनं झोप लागेना तेव्हा मी दुसरी घेतली. पुढं उठल्यावर हात स्थिर व्हावेत म्हणूनही घेऊ लागलो. दोन वर्षांत परिस्थिती अशी झाली की गोळी घेतली तर जीभ जड व्हायची आणि न घेतली तर हात कापायचे. जिना उतरताना भिंत धरावी लागे. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरायची. पत्नी सुमन हे सगळं पाहत होती. आधी तिला वाटलं, थकवा आहे. नंतर तिनं विचारणं सोडलं, आणि घरात बोलणं फक्त दूध, किराणा आणि पाण्याची वेळ यांच्यापुरतं उरलं.

एकदा राहात्याच्या बाजाराचे आदल्या दिवशीचे भाव मी तसेच पुन्हा लावले. आठवड्यानं पुन्हा तेच झालं. संपादकांनी मला आत बोलावून दार लोटून घेतलं.

"घेता का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग चालताना झुलता कशाला?"

"झोपेचं औषध आहे, साहेब."

"औषध घेऊन माणूस जागेवर येतो. तुम्ही जागेवरून हलताय." त्यांनी मला दिवसपाळीवर टाकलं. आता दिवसा झोपायची गरज उरली नव्हती. गोळ्या मात्र चालूच राहिल्या.

रविवार

बातमी कोल्हारला कशी पोचली हे मी शोधलं नाही. नगर-मनमाड रस्त्यावरच्या गावाला बातमी पोचायला वार्ताहर लागत नाही. थोरले बंधू, त्यांना आम्ही दादा म्हणतो, एसटीनं आले आणि म्हणाले, "आईनं बोलवलंय. येत्या ऐतवारी. दोघांनी."

दुष्काळाचं वर्ष होतं. प्रवरेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त होती. घरी पोचल्यावर आईनं पाण्याचा तांब्या दिला आणि मी पाणी पीत असताना जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला.

"वास तर येत न्हाई," ती दादांकडे बघून म्हणाली.

"आई, मी पीत नाही. औषध घेतो. झोपेचं."

"किती दिस झालं?"

"दोन वर्षं होतील."

"आरं, दोन वर्सं घिऊन गुन येत न्हाई त्ये कसलं रं औषध? तुझा बा हिवतापानं निजला हुता, त्यो बी चार दिसांत उठला."

दादा म्हणाले, "आठ दिस सोडून बघ की."

"सोडलं की हात कापतात. झोप लागत नाही."

"मंग व्यसनच म्हन की सरळ," आई म्हणाली. "व्यसन म्हनायची लाज वाटती म्हून औषध म्हनतोस, बाळू."

माझ्या आजाराचं पहिलं बरोबर निदान हे. उपचार मात्र चुकला.

आमचं कुळदैवत खंडोबा. देवघरात त्याचा चांदीचा टाक आहे. त्या टाकापुढं तळहातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन जो शब्द द्यायचा तो मोडायचा नाही, अशी घराण्यात रीत. बांधाचे तंटे, भावकीच्या वाटण्या बेलभंडाऱ्यावर मिटलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. मोडणाऱ्याच्या घरात पुढं काय काय घडलं, याच्या गोष्टीही त्याच देवघरात ऐकल्या आहेत.

आईनं पान माझ्या हातावर ठेवलं, वर चिमूटभर भंडारा टाकला. मी म्हणालो, "झोपेची गोळी पुन्हा तोंडात घालणार नाही." ती म्हणाली, "देवाकडं बघून म्हन." मी देवाकडं बघून म्हणालो. मग ती ओट्यावर जाऊन बसली, कमरेची डबी काढली आणि मिसरी लावू लागली. जाळलेल्या तंबाखूची ही पूड ती दातांना लावते. सकाळी, जेवल्यावर, आणि मन अस्वस्थ असलं की मधे कधीही. आमच्याकडे पुष्कळ बायका लावतात. त्याला कुणी व्यसन म्हणत नाही.

परतताना एसटी प्रवरेच्या पुलावर आली तेव्हा सुमननं पिशवीतली गोळ्यांची बाटली खिडकीतून खाली टाकली. पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही.

शब्द पाळला

मी शिकलेला माणूस. अंधश्रद्धेवरच्या अग्रलेखांची प्रूफं मी तपासली आहेत. तरी तो शब्द मी का पाळला, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. उत्तर साधं आहे. 'आजपासून एकच' असं मी स्वतःला दोन वर्षं रोज सांगत होतो आणि रोज मोडत होतो. हा एक शब्द असा होता की जो मोडलेला नव्हता.

सोमवारी घाम आणि मळमळ. मंगळवारी कामावर गेलो. दुपारी रेडिओवरच्या बातम्या उतरून घेताना पेन्सिल हातात राहीना. कागदावर अक्षरांच्या जागी वेडेवाकडे ओरखडे दिसू लागले. निवेदकाचा आवाज लांब गेला.

पुढचं मला आठवत नाही. मुख्य जुळारी गणपतराव यांनी सांगितलं ते असं: मी खुर्चीवरून उजव्या अंगावर पडलो, दातखीळ बसली, हातपाय आखडले आणि झटके येऊ लागले. पडताना खिळ्यांची पेटी उलथली. एकजण कांदा आणायला धावला, दुसऱ्यानं हुंगवायला चप्पल काढली. गणपतरावांनी दोघांनाही बाजूला केलं आणि टांगा बोलावला. "साहेब, तुमच्या अंगाखालचे खिळे गोळा करायला आम्हाला पुढचा सबंध दिवस गेला," असंही त्यांनी सांगितलं.

निदान

इस्पितळात डॉ. सबनीस यांनी सुमनला विचारलं ते तिच्याच शब्दांत देतो.

"दारू किती घेतात?"

"घेत नाहीत."

"मग काय घेतात?"

"काहीच नाही आता. झोपेच्या गोळ्या घ्यायचे. सोडल्या."

"कधी?"

"रविवारी. देवापुढं शपथ घेतली."

"एकदम सोडल्या? सगळ्या?"

"शपथ काय थोडी थोडी घेतात, डॉक्टर?"

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि समजावलं ते एवढंच: हा झटका गोळी घेतल्यामुळं आलेला नाही, एकदम सोडल्यामुळं आला आहे. इतके दिवस शरीर गोळीला टेकून उभं होतं. टेकू एका हिसक्यात काढला. आता त्याच जातीची, पण अंगातून सावकाश उतरणारी गोळी द्यायची, आणि ती दिवसागणिक कमी करत शेवटी बंद करायची. दुसरा मार्ग नाही. गोळी दिली नाही तर झटके पुन्हा येतील, आणि एखाद्या झटक्यातून रुग्ण परत येणार नाही.

बेशुद्धीत मला सुई टोचली होती. शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावली गेल्यामुळं तोंड सुजलेलं होतं. उशाशी सिस्टर मार्था उभ्या होत्या, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गोळी.

"ही कशाची?" मी विचारलं.

त्यांनी खरं सांगितलं. मी तोंड मिटून घेतलं.

भिंतीवरचे खिळे

शेजारच्या खाटेवर बाबूभाई होते. राहुरीकडं टेम्पो उलटून पाय मोडलेला, तो वजन बांधून वर टांगलेला. ते सगळं पाहत होते.

"काय पेपरवाले, गोळी खायची का न्हाई त्ये तुमाला इचारत्यात तरी," ते म्हणाले. "आमाला कोन इचारतंय? कूस वळायच्या आत टोचून मोकळे."

मला त्या दिवशी ते नीट दिसत नव्हते. भिंतीवरून मुंग्या चालत होत्या, आणि जवळून पाहिलं तर त्या मुंग्या नव्हत्या, शिशाचे खिळे होते, उलटी अक्षरं असलेले. ते ओळीत येत होते आणि ओळ पुरी व्हायच्या आत विस्कटत होते. मला त्या ओळी वाचणं भाग होतं, कारण पान अडलं होतं. मी सिस्टरना जुळारी समजून रागावलो, असं सुमन सांगते. त्या म्हणाल्या, "हो साहेब, दुरुस्त करते," आणि चादर बदलली.

भीती कसली वाटत होती हे नेमकं लिहायचं तर मरणाची नव्हती. डोकं असंच राहील, याची होती.

मधे मधे शुद्ध येई. अशाच एका वेळी सुमन म्हणाली, "शपथ पाळून मेलात तर लोक तुम्हाला चांगलं म्हणतील. मला काय म्हणतील ते मला ठाऊक आहे." तिचा आवाज चढलेला नव्हता. मी तिला म्हणालो, "गोळी घेतली तर माझ्याकडं काय उरलं?" ती उठून बाहेर गेली. त्या संध्याकाळी दुसरा झटका आला.

डॉक्टर सुई देत होते, पण ती कायमची सोय नव्हती. ते म्हणाले, "हळूहळू कमी करत न्यायचं तर रुग्ण रोज तोंड उघडायला तयार पाहिजे. मी रोज चार माणसं लावून त्यांचं तोंड उघडणार नाही." सुमन स्टँडवर गेली आणि मनमाडच्या गाडीच्या कंडक्टरला निरोप दिला: कोल्हारला स्टँडसमोरच्या हॉटेलात सांगा, बाळूच्या आईला घेऊन या.

आई आली

आई दादांबरोबर आली. पदराच्या गाठीत भंडाऱ्याची पुडी बांधून आणली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, सुजलेल्या ओठांकडं पाहिलं, आणि हंबरडा वगैरे काही फोडला नाही.

"शब्द मोडलास ना?" ती म्हणाली. "लपून खाल्ली असशील. म्हून देवानं धरलं."

"नाही खाल्ली, आई."

"खोटं नगं बोलू. उगा कसा पडशील?"

तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आले. त्यांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "आजी, खाल्ली असती तर हे पडले नसते. यांनी शपथ पाळली म्हणून पडले."

आई त्यांच्याकडं बघत राहिली. "म्हंजी, म्या बेलभंडारा उचलाय लावला म्हून?"

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "एकदम सोडल्यामुळं. तुम्हाला ते माहीत असायचं कारण नव्हतं."

ती खाली फरशीवर बसली. दादांनी हात धरून उठवायला पाहिलं, तिनं हात झिडकारला.

सुमन म्हणाली, "आई, तुम्ही सांगितलंत तर हे गोळी घेतील. शपथ सुटली म्हणा."

"सुटली म्हनू? ही काय गळ्याची शपथ हाय व्हय, सुटली म्हनलं की सुटली? बेलभंडारा हाय, पोरी."

"मग काय करायचं?"

"गप जरा. इचार करू दी."

बाबूभाईंनी उशाशी लावलेला छोटा रेडिओ बंद केला.  मला त्या वेळी शुद्ध होती. हे सगळं मी स्वतः ऐकलेलं आहे.

मग आईनं पदराची गाठ सोडली, पुडी उघडली, चिमूटभर भंडारा माझ्या कपाळाला लावला, उरलेला स्वतःच्या तळहातावर घेतला. कमरेची मिसरीची डबी काढून माझ्या उशाशी ठेवली.

"देवा मल्हारी, शब्द म्या घ्यायला लावला, ह्यानं पाळला. आता ह्याचा भार माज्यावर. ह्याची गोळी सुटस्तवर माजी मिसरी बंद. ती सुटली की शब्द परत ह्याचा."

दादा म्हणाले, "आई, आगं चाळीस वर्सांची सवय तुजी."

"मंग? म्या काय मिसरीची ताबेदार हाय?" ती म्हणाली आणि सिस्टर मार्थांपुढं हात केला. "आना ती गोळी हिकडं."

तिनं गोळी माझ्या ओठाला लावली. मी तोंड उघडलं.

या प्रकाराला देवधर्माच्या दृष्टीनं कितपत आधार आहे हे मला सांगता येत नाही. माझं मन मोकळं झालं, आणि झटका पुन्हा आला नाही. एवढं नोंदवतो.

डबी उशाशी

इस्पितळाचा दिवस ठरलेला होता. सकाळी ताप आणि नाडी, मग पातळ चहा, मग डॉक्टरांची फेरी आणि गोळी, दुपारी भेटायला येणारे. कोल्हारहून कुणी ना कुणी येई. बिस्किटांचे पुडे येत, ते बाबूभाई संपवत. भेटायला आलेले लोक माझ्या तोंडावर माझ्याविषयी आईशी बोलत. "पीत हुता म्हनं?" एक जण म्हणाले. आई म्हणाली, "पीत असता तर तुमच्यात बसला असता." ते लवकर गेले.

पण आईचा स्वभाव दुसऱ्याच दिवसापासून बदलला. चहा पाणचट आहे म्हणून ती सुमनवर ओरडली. पंखा घुं घुं करतो म्हणून दादांवर ओरडली. डोकं धरून बसली. हात सारखा कमरेकडं जाई आणि रिकामा परत येई. तिनं सिस्टरना सांगितलं, "मला ताप भरलाय. बघा बरं." सिस्टरनी पाहिलं. ताप नव्हता.

"आजी, हे मिसरीचं आहे," त्या म्हणाल्या.

"एवढ्याशा मिसरीचं?"

"एवढ्याशाच. पोट साफ होतं का?"

"त्ये बी न्हाई," आई म्हणाली आणि चिडून तोंड फिरवलं.

बाबूभाईंना हसू आवरेना. "आजी, तुमी पन खाटंवर या. पेपरवाल्याच्या बाजूला जागा हाय."

"तू तुजा पाय सांभाळ. न्हाईतर दुसरा म्या मोडीन."

दुपारी सगळे गेल्यावर ती माझ्या पायाशी बसली. डबी माझ्या उशाशीच होती. आई डबीकडं बघत नव्हती, आणि बघत नाही हे दिसत होतं.

"बाळू," ती म्हणाली. "तुला बी आसंच हुतं का रं? हे आतून वढल्यावानी?"

"याच्यापेक्षा जास्त."

"आन् म्या म्हनलं, देवाकडं बघून म्हन."

पुढं ती माझे पाय दाबत राहिली. लहानपणानंतर तिनं माझे पाय पहिल्यांदाच दाबले.

दुसऱ्या दिवशी फेरीच्या वेळी तिनं डॉक्टरांना अडवलं. "माजी बी ह्याच्यासारखी थोडीथोडी कमी करा की."

"करता आली असती, आजी. पण तुम्ही देवाला शब्द दिलाय."

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. डॉक्टर वळले तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना हसू फुटलं नव्हतं.

कमी होत जाणं

हा भाग सर्वांत कंटाळवाणा आहे आणि सर्वांत महत्त्वाचाही. गोळी निम्मी झाली, मग पाव. प्रत्येक वेळी वाटे, आत्ता कुठं सावरलो होतो, आणि आता पुन्हा. झोप तुटक. स्वप्नं इतकी ठळक की उठल्यावर ती खोटी ठरवायला वेळ लागे. चिडचीड, रडू, कारण नसताना घाम. डॉक्टर आधी सांगून ठेवत, "उद्या वाईट वाटेल." वाईट वाटे. आधी सांगितल्यामुळं ते सोसता येई. याहून मोठं औषध त्यांनी मला दिलं नाही, असं माझं मत आहे.

एका दुपारी मात्र मी मोडत आलो होतो. बाबूभाईंचा मेव्हणा रोज डबा घेऊन येई. आई पाणी आणायला गेली असताना मी बाबूभाईंना हळूच म्हटलं, मेव्हण्याला एक चिठ्ठी देतो, तेवढं दुकानातून आणायला सांगा.

बाबूभाईंनी टांगलेल्या पायावरून माझ्याकडं पाहिलं. "तुमची आई तिथं बिगर मिसरीची बसलीया, आन् तुमी मला गोळी आनाय सांगता? पेपरवाले, म्या टेम्पो उलटवला आसंल, माझी अक्कल न्हाई उलटली."

मी कूस वळवली. उशाशी डबी होती. आई पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "काय झालं रं? तोंड का आसं?" बाबूभाई म्हणाले, "काय न्हाई आजी, टेम्पोचं बोलत हुतो." त्यांनी ते कधीच कुणाला सांगितलं नाही. मी सुमनला नंतर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता असं वाटलं की आधी मला सांगायचं." तेव्हापासून मी सांगतो. अजूनही अधूनमधून सांगावं लागतं.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथंच लिहितो. त्याच्या हातून बाटली हिसकून नदीत टाकू नका. आधी डॉक्टरकडं न्या. आणि त्याला शब्द द्यायला लावू नका. मोडला तर त्याला स्वतःची आणखी लाज वाटते, आणि पाळला तर काय होऊ शकतं ते वर लिहिलंच आहे.

सुटका

इस्पितळातून सुटलो तेव्हा गोळीचा लहानसा तुकडा उरला होता. तो घरी, सुमनच्या देखरेखीखाली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं संपला. आई तोवर आमच्याकडं राहिली. शेवटचा तुकडा तिनंच दिला, मग माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाली, "आता शब्द परत तुजा." डबी कमरेला खोचून ती दुपारच्या गाडीनं कोल्हारला गेली. जाताना तिनं सुमनला एका बाजूला घेऊन काही सांगितलं. काय सांगितलं ते दोघींनीही मला सांगितलेलं नाही.

तांबटाच्या दुकानावरची खोली आम्ही सोडली. संपादकांनी दिवसपाळी कायम ठेवली. पहिले काही आठवडे झोप नीट आली नाही. नंतर ती आली, पूर्वीसारखी नाही, पण माझी स्वतःची. गणपतराव अजूनही पान बांधून झालं की मुद्दाम बाजारभावाचा तक्ता माझ्यापुढं धरतात. "आजचेच आहेत ना, साहेब?" मी तारीख वाचून दाखवतो.

रजा मिळाली तेव्हा आम्ही दोघं कोल्हारला गेलो. आई ओट्यावर बसली होती, उजव्या हाताचं बोट दातावर फिरत होतं. आम्हाला पाहून तिनं डबी लपवली नाही.

"केव्हापासून?" मी विचारलं.

तिनं तोंडातलं थुंकलं. "गाडी पुलावर आली तवापासून. घरी पोचायची बी वाट न्हाई बघितली."

सुमन हसली. आईही हसली, आणि मग गंभीर झाली.

"झोप येती का रं?"

"येते."

"आन् आता मला बेलभंडारा उचलाय लावनार?"

"नाही," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले होते तशी हळूहळू कमी कर. जमेल तेवढी."

तिनं पुन्हा डबीत चिमूट घातली, बाहेर काढली आणि थोडा वेळ बोटांकडं बघत राहिली. मग चिमटीतली निम्मी मिसरी तिनं परत डबीत टाकली.